सव्वादोन किलो सूर्यफुलं

दर्यापूरच्या बाजारात कापड किलोवर मिळतं.
निर्गुणाने सव्वादोन किलो आणलं,
सूर्यफुलांचं, छपाई चुकलेली,
प्रत्येक फूल डावीकडून अर्धंच.
"कोन मोजते पाकळ्या," ती म्हणाली
आणि पायमशीनवर बसली.

बैठक म्हणजे आमची एकच खोली, पुढची.
तिच्यातच माझं दुकान,
जळलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं,
आणि लोक दुरुस्तीला टाकून गेले, न्यायला आले नाहीत
असे तीन टेबलफॅन.
शोकेस लग्नातलं. काच दुसऱ्याच वर्षी फुटली,
बॉल कोणाचा ते अजून ठरायचं आहे.
बाहुल्या गेल्या,
बेअरिंगं राहायला आली.

गुरुवारी बचत गट आमच्याकडे, बँकेच्या मॅडम येणार.
बुधवारी रात्रीपर्यंत
शोकेसला पडदा,
दिवाणाला जमिनीला टेकेल अशी झालर,
तीन पंख्यांवर पाट, पाटावर चादर, चादरीवर फुलदाणी:
कोपऱ्यात टेबल जन्माला आलं.
मी पाय आखडून बसलो,
न जाणो, मलाही खोळ घालायची.

"दिसत नाही म्हंजे नाही काय?" मी म्हटलं.
"दिसत नाही म्हंजे चहा पाजता येते," ती.

गुरुवारी पारा पंचेचाळीसला.
कूलर लावावाच लागला.
कूलरला काय माहीत कोण आलंय,
त्याने पहिला झोत टाकला तो शोकेसवर.
सूर्यफुलं उठली, छताकडे गेली,
आणि मागचा माझा संसार,
ग्रीसचा डबा, काळे पडलेले रोटर, एक कोणाची तरी चप्पल,
अकरा बायांसमोर उघडा.
मॅडम एकाएकी
कॅलेंडरातल्या तिथ्या वाचू लागल्या.
वच्छलाबाई म्हणाल्या, "वारा लय फेकते बाप्पा तुमचा कूलर."
निर्गुणाने पडदा पाठीने दाबून धरला
आणि दीड तास
उभ्यानेच हिशेब वाचला.

रात्री मला छत्तीस गेजची तार हवी होती.
पडद्यामागे तिने सगळंच हलवलेलं.
हात खोल घातला, खालच्या कप्प्यात, रिळांच्याही मागे,
पिशवी लागली.
उरलेल्या सूर्यफुलांचीच शिवलेली.
आत बूट. खिळ्यांचे, पळायचे.

ती पळायची, हे ठाऊक होतं मला.
म्हणजे तिच्या भावाने लग्नात सांगितलं होतं,
आठशे मीटर, अमरावतीला,
कितवी आली तेही सांगितलं असेल,
माझं लक्ष पंगतीकडे होतं.
बारा वर्षं झाली.

आकार राहावा म्हणून बुटांत कागद कोंबलेला.
वर्तमानपत्र.
बल्बखाली धरून तारीख पाहिली:
गेल्या महिन्याची.

कागद होता तसा परत भरायला
वीस मिनिटं लागली.
जळकं वाइंडिंग काढून नवं भरतो मी,
रेडिओ ऐकत, गप्पा मारत.
हे जमेना.

तार मिळाली नाही. मागितलीही नाही.

सकाळी ती नळावर गेली तेव्हा
पडद्याच्या खालच्या पट्टीची शिवण बोटभर उसवली
आणि एकेक करून आत सरकवले
दहा नंबरचे वायसर, लोखंडी, एकतीस.
दाभणाने टाके घातले. वाकडेतिकडे.

आता कूलर कितीही फुंकला
तरी सूर्यफुलं जागची उठत नाहीत,
तळाशी किणकिण होते जराशी, तेवढंच.
तिने पट्टी चाचपली.
"हे कायले?"
"उडते ना," म्हटलं.
माझ्याकडे पाहिलं तिने, शोकेसकडे पाहिलं,
आणि पोळ्या टाकायला गेली.

दुपारी बघतो तर माझे टाके उसवलेले,
मशीनने पुन्हा मारलेली शिवण, सरळ.
वायसर आतच.

तेवढ्यात येवद्याचा एक जण दारात,
दहा नंबरचे वायसर आहेत का.
संपले, म्हटलं.